फालुनच्या तांबड्या भिंती

स्वीडनमधील फालुन या गावी गेलात, तर तांब्याची जुनी खाण पाहून लगेच परतू नका. शतकानुशतके चाललेली ती खाण 1992 मध्ये बंद झाली आणि 2001 मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथला अवाढव्य खड्डा 1687 मध्ये खाण खचून पडलेला. सणाची सुट्टी होती म्हणून जीवितहानी टळली. परंतु आपल्या घरी कोणी वृद्ध अंथरुणाला खिळलेले असेल, तर एल्सबोर्ग या खाणकामगारांच्या वस्तीत थोडे रेंगाळा. तिथल्या लाकडी घरांच्या भिंती जवळून पाहण्याजोग्या आहेत.

ओंडक्यांच्या भिंतीवर बाहेरून उभ्या फळ्यांचे आच्छादन घालण्याची पद्धत स्वीडनमध्ये सर्वत्र आढळते. भिंतीवर आधी आडव्या पट्ट्या ठोकतात, त्यांवर थोडी थोडी फट ठेवून उभ्या फळ्या, आणि प्रत्येक फटीवर एक अरुंद पट्टी. पावसाचे पाणी फळीवरून सरळ निथळते. चुकून आत शिरलेच, तर मागच्या पोकळीतील हवा ते सुकवते. फटीवरच्या पट्टीचा खिळा नेमका फटीतून जातो, शेजारच्या फळ्यांना शिवत नाही. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. दोन्ही कडा जखडल्या, तर फळी उभी तडकते. लाकूड सर्वाधिक पाणी पिते ते कापलेल्या टोकातून. म्हणून फळीचे खालचे टोक तिरके कापून जमिनीपासून सुमारे 30 सेंटिमीटर उंच ठेवतात.

तांबडा रंग खाणीच्याच मातीचा. लोहाचे ऑक्साइड, पाणी, पीठ, हिराकस आणि जवसाचे तेल शिजवून तो करतात. आपला गेरू याच कुळातला. (पांढरे कपडे घालून त्या भिंतीला टेकू नका; रंग अंगाला लागतो.) हा रंग लाकडावर प्लॅस्टिकसारखा पापुद्रा धरत नाही, त्यामुळे आतली ओल बाहेर पडू शकते.

नेमके हेच आपण विसरतो. रुग्ण पाहायला घरी जावे, तर खाट भिंतीला चिकटवलेली आणि ओल दिसू नये म्हणून त्या भिंतीवर नवे कोरे प्लायवुड किंवा पीव्हीसीचे पॅनेल. खोली देखणी दिसते. मागे मात्र बुरशी वाढत राहते. ओल आणि बुरशी यांमुळे खोकला व दमा बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे. दिवसाचे वीस तास त्याच खोलीत काढणाऱ्या वृद्धाला तिथून सुटका नसते.

तेव्हा ओल झाकण्यापूर्वी पाणी कुठून येते ते शोधा: बाहेरची भेग, गळका पाइप, गच्चीचा उतार. भिंत पूर्ण वाळल्यावाचून रंग देऊ नका. खाट आणि कपाट भिंतीपासून वीतभर दूर सरकवा. त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. बुरशी कोरड्या फडक्याने झटकली, तर तिचे बीजाणू हवेत पसरतात. आजी-आजोबांना दुसऱ्या खोलीत नेऊन, स्वतः मास्क लावून, ती ओल्या फडक्याने पुसा. आणि धाप वाढली, ताप आला किंवा कफाचा रंग बदलला, तर भिंतीचे काम राहू द्या. आधी डॉक्टरांना दाखवा.