धाकटीचा पंप

आपल्याकडे दम्याचा पंप म्हणजे दुखण्याची शेवटची पायरी, असा समज आहे. “पंप लागला म्हणजे संपलं,” असे बायका नळावर बोलतात. गोळीची कोणाला लाज वाटत नाही, पंपाची वाटते. त्यातून घरात लग्नाची मुलगी असली तर विचारूच नका. १९९८ साली माझ्या धाकट्या बहिणीला पंप मिळाला, तो आईने तांदळाच्या डब्यात लपवला. पाहुणे बसलेले असताना धाप लागली, तर पोरगी मोरीत जाऊन भिंतीला धरून उभी राही. हा समज किती खोटा आहे, ते तिच्याच दुखण्यातून आमच्या घराला कळले. म्हणून भगिनींसाठी चार शब्द लिहिते आहे.

आधी ती साल्बुटामॉलची चार मिलिग्रॅमची गोळी घेई. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सगळ्या अंगभर फिरते आणि त्यातली थोडीशीच छातीपर्यंत पोहोचते. म्हणून धाप बसली तरी तिचे हात थरथरत, काळीज धडधडे. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध शंभर मायक्रोग्रॅम असते, म्हणजे त्या गोळीचा चाळिसावा भाग. ते थेट श्वासनलिकेत जाते आणि काही मिनिटांत गुण देते. मग सांगा, जालीम कोण? पंप की गोळी?

श्वासावाटे औषध घेणे आपल्या देशाला नवे नाही. दम्यासाठी धोतरा ओढण्याचा उपाय १८०२ साली मद्रासहून इंग्लंडात गेला. धोतरा विषारी, माप चुकले तर जिवावर बेतते. पण औषध छातीतच पोहोचवावे ही कल्पना खरी होती. आजचा पंप मात्र एका शाळकरी मुलीच्या प्रश्नातून निघाला. अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. हाताने दाबायच्या काचेच्या उपकरणाला ती कंटाळली होती. १९५५ साली तिने वडिलांना विचारले, केसांना मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का भरत नाहीत? आणि १९५६ साली, दर वेळी मोजून औषध सोडणारा पहिला पंप बाजारात आला.

पण पंप हातात आला म्हणजे औषध छातीत गेले असे नाही. औषधाचा कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचा असला तरच तो खोल उतरतो. मोठे कण घशातच चिकटतात. धाकटी दोन वर्षे तोंड उघडून जिभेवर फवारा मारीत होती. डॉक्टरांनी लिहून दिला, दुकानदाराने दिला, कसा घ्यायचा ते कोणीच दाखवले नाही. शेवटी दुसऱ्या एका दवाखान्यातल्या सिस्टरांनी तिला समोर बसवले. “ताई, आधी पंप हलवा. श्वास पूर्ण सोडा. तोंडात ओठ घट्ट धरून दाबा आणि त्याच वेळी हळूहळू श्वास आत घ्या. मग दहा आकडे होईपर्यंत रोखून धरा.” त्या दिवशी ती पहिल्यांदा न थांबता तीन जिने चढली.

लहान मुलांना हा मेळ साधत नाही. त्यांच्यासाठी पंपापुढे स्पेसर नावाचे नळकांडे लावतात. ते परवडत नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीला पंपाच्या मापाचे भोक पाडून, सांधा पक्का बंद करून मुलांवर तपासणी केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली. तीव्र दम्याच्या झटक्यात ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच कामाला आली. चहाच्या पेल्यासारखा थर्माकोलचा पेला मात्र सर्वांत कमी उपयोगी ठरला. गरिबाच्या घरासाठी असेही संशोधन होते, हे वाचून मला फार समाधान वाटले. अर्थात, दवाखान्यात विचारल्याशिवाय घरी असा प्रयोग करू नये.

आणखी एक गोष्ट. धाप लागल्यावर नळी मोकळी करणारा पंप वेगळा आणि आतली सूज उतरवणारा वेगळा. नुसत्या पहिल्यावर भागवणे धोक्याचे आहे. दम्यावरील जागतिक मार्गदर्शनानेही २०१९ पासून मोठ्या माणसांना व १२ वर्षांवरील मुलांना तसे करू नका असेच सांगितले आहे. सूज उतरवणाऱ्या पंपानंतर चूळ भरायला विसरू नये, नाहीतर तोंड येते.

धाकटीचे लग्न २००१ साली झाले. दम्याची गोष्ट तिने बोलणीतच स्वतः सांगितली, आणि सासूबाई म्हणाल्या, “चष्मा लावतो तसंच की हे.” सगळ्याच घरांतून असे उत्तर मिळेल असे नाही. पण लपवलेला पंप वेळेवर हाती येत नाही आणि दम्याचा झटका पाहुणे उठून जाण्याची वाट पाहत नाही.

तेव्हा भगिनींनो, पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना पंप पिशवीत न्या. “मी कसा घेते ते बघा, चुकत असेल तर दाखवा,” असे न लाजता म्हणा. त्याला पैसे पडत नाहीत.