पंधरा नंबर, अकरा नंबर

रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहायचं तर महाराष्ट्र मंडळात जाणं आलंच, आणि न्यूरोसर्जन मंडळात गेला की प्रश्नही आलाच : ‘‘डॉक्टर, मेंदू कापता तरी कशाने?’’ कापत नाही, म्हटलं की लोकांना वाटतं, मी टाळतोय. पण पात्याचं काम खरंच मेंदूच्या उंबऱ्यापर्यंतच. आत बायपोलर चिमटा आणि सक्शन. बारीक रक्तवाहिनी आधी चिमट्याने आटवायची, मग कात्रीने तोडायची.

उंबरा म्हणजे ड्युरा, कवटीखालचं चिवट, पांढुरकं आवरण. मेंदूला स्वतःला दुखत नाही, ड्युराला दुखतं. मेंदू फुगलेला असेल तर मॅनिटॉल देऊन दाब आधी उतरवावा लागतो, नाहीतर पडलेल्या फटीतून तोच बाहेर येऊ पाहतो. मग बारीक हुकाने ड्युरा किंचित उचलायचा आणि पंधरा नंबरच्या पात्याने एकाच जागी हलक्या रेघा ओढत राहायचं. एकेक तंतू सुटत जातो. खाली चकचकीत काही दिसलं की पातं ट्रेमध्ये. फटीतून कापसाची ओली पॅटी सरकवायची, पुढचं कात्री बघते.

‘‘सिस्टर, नया पंद्रह देना,’’ हे वाक्य माझ्या तोंडी फार असतं. नवे रेसिडेंट पातं बदलायला संकोचतात. त्यांना ती उधळपट्टी वाटते. मला बोथट पात्याचीच भीती वाटते. पिकल्या टोमॅटोवर बोथट सुरी चालवून बघा : आधी साल दबते, मग सुरी एकदम आत. मॉर्गन पार्करने 1915 साली मूठ आणि पातं वेगळं करून ठेवलं, ते बदलण्यासाठीच ना? फक्त पातं बोटांनी चढवायचं नाही, चिमट्याने.

मणक्यात अकरा नंबर, टोकदार. नस रिट्रॅक्टरने मधल्या बाजूला सारून दोन मणक्यांमधल्या गादीच्या कड्याला छेद द्यायचा. धार नसेकडे कधीच नाही. खोलीचंही भान हवं, गादीच्या पलीकडे पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. इथे मूठ मध्येच वाकवलेली, बेयोनेट घाटाची घेतो. सरळ मुठीने स्वतःचाच हात मायक्रोस्कोपच्या आड येतो.

गामा नाइफबद्दलही विचारतात. त्यात पातंच नाही, कोबाल्टचे किरण असतात. स्टॉकहोममध्ये न्यूरोसर्जन लेक्सेल यांनी 1968 साली सुरू केलेलं तंत्र, नावापुरताच चाकू.

माझा जीव आहे तो अ‍ॅरॅक्नॉइड नाइफवर. ड्युराखालचा तो पारदर्शक पापुद्रा मायक्रोस्कोपखाली फाडायचा, तोही रक्तवाहिनीला समांतर. हे हत्यार वापरून फेकायचं नसतं, त्यामुळे त्याचं नशीब धुणाऱ्याच्या हाती. ट्रेच्या कडेला एकदा आपटलं की टोक वळतं आणि साध्या डोळ्यांना ते कळतही नाही. म्हणून केस सुरू होण्याआधी मी ते टोक मायक्रोस्कोपखाली धरून बघतो. भूलतज्ज्ञ घड्याळ बघतात, बघू देत. वळलेलं निघालं तर दुसरा सेट उघडायला सांगतो.