बसूनच राहू द्या

"त्यांना आडवं करू नका, बसूनच राहू द्या. श्वास घ्यायला बरं पडतं."

हे मी बोलले. मोठ्याने आणि खात्रीने बोलले, म्हणून गाडीतल्या सगळ्यांनी ते मानलं. जुलै २०२३ मधली ती सकाळ होती आणि ज्यांच्याबद्दल मी बोलत होते, त्यांचं हृदय तेव्हा बहुधा थांबलेलं होतं.

मी कराड-सातारा रोज अपडाऊन करते. सरकारी नोकरी, लेखा शाखा. त्या दिवशी उंब्रजला एक गृहस्थ चढले आणि माझ्या शेजारी बसले. सत्तरीच्या आतबाहेरचे, सदरा-लेंगा, टोपी, मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून अळूच्या पानांची जुडी वर आलेली. म्हणाले, "ताई, तेवढी खिडकी द्याल का? मला भाईर बघत जायची सवय हाय." मी इकडे सरकले. कंडक्टर आला. त्यांचं ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट, आणि त्याच वर्षी मार्चपासून आम्हा बायकांनाही अर्धं तिकीट झालेलं. दोन्ही तिकिटं हातात धरून ते हसले. "म्हंजे आपुन दोघं मिळून एकच माणूस की!" अळू परसातला होता, साताऱ्याच्या लेकीसाठी. बाजारातला अळू खाजतो, अशी तिची तक्रार असायची.

काशीळ मागे पडलं आणि ते म्हणाले, "जरा गरगरतंय." कपाळावर घाम फुटला होता. मी ओढणीने पुसला. छातीवरून त्यांनी दोनदा हात फिरवला आणि मान माझ्या खांद्यावर आली. मग आवाज सुरू झाला. घोरल्यासारखा, खर्र. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा जबडा खाली जायचा, खर्र. कुणीतरी बाटली पुढे केली. मी झाकण काढून त्यांच्या ओठांना लावली. पाणी आत गेलंच नाही. ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर, तिथून सदऱ्याच्या पहिल्या बटणापर्यंत आलं आणि तिथे पसरलं. तो ओला डाग मला आजही त्याच्या आकारासकट आठवतो.

मागच्या सीटवरचे एक निवृत्त फौजी उठून आले. "ताई, त्यांना खाली घ्या, आडवं करा," म्हणाले. तेव्हा मी ते वरचं वाक्य बोलले. वर आणखी म्हणाले, "श्वास चालू आहे, ऐकू येतोय ना!" एका मुलाने १०८ ला फोन लावला होता. कंडक्टर म्हणत होता, गाडी कडेला घेऊ, अँब्युलन्स येईल. मीच म्हणाले, "वाट कसली बघताय? थेट दवाखान्यात घ्या." ड्रायव्हरने गाडी हाणली. पंचवीस मिनिटं मी त्यांची मान खांद्यावर सरळ धरून बसले. आपण त्यांना जपतोय, असं मला मनापासून वाटत होतं.

हे ज्ञान मी कुठून आणलं होतं, तेही सांगते. माझ्या वडिलांचं हृदय शेवटची दोन वर्षं कमजोर झालं होतं, फुप्फुसात पाणी साठायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपवू नका, पाठीला उशा लावून बसवा. वडिलांच्या बाबतीत ते अगदी बरोबर होतं, कारण ते शुद्धीवर असायचे, धाप लागलेली असायची. माणूस शुद्धीवर नसेल, हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला सपाट कठीण जागेवर उताणं घ्यायचं आणि छातीच्या मधोमध दाबायला लागायचं. तो खर्र खर्र आवाज म्हणजे श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं शरीर तसे आचके देतं. ते पाहून भलेभले फसतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी तर कधीच घालायचं नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला, स्टेथोस्कोप लावला, ईसीजीच्या पट्ट्या काढून पाहिल्या आणि म्हणाले, "आधीच गेलेत." पिशवी माझ्याच हातात होती. ती चौकीतल्या हवालदारांकडे देताना आतला फोन वाजायला लागला. स्टँडवर थांबलेली लेक असणार. हवालदारांनी तो घेतला आणि मी निघाले. अर्धा तास थांबले असते तर ती भेटली असती. वडिलांच्या शेवटच्या क्षणी सोबत असलेलं माणूस तिला समोर दिसलं असतं. महिनाअखेरची देयकं आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिचा चेहरा मला बघायचा नव्हता.

त्या दिवशी मी अकरा देयकं पास केली. एकही चूक नाही. संध्याकाळी घरी सासूबाईंना एवढंच म्हणाले, "गाडीत एक आजोबा गेले." त्यांनी न बोलता पाणी तापत ठेवलं. अंघोळ करून बाहेर आले तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबलेले, काय झालं ते ऐकायला. मी मुलाला विचारलं, "गणित झालं का?" घरच्यांनी दोनदा विषय काढला, दोनदा मी तो मोडला. मला काय झालंय? गेले ते दुसरे, रडायचा हक्क त्यांच्या माणसांचा. मी आपली शेजारच्या सीटवरची. असं मी धरून चालले आणि तिथून पुढचं सगळं बिघडलं.

रात्री नवरा घोरायला लागला की मी त्याला हलवून उठवायची. एसटी सोडून वडापने जायला लागले. जीपमध्ये दाटीवाटीने बसावं लागतं, पण तिथे कुणाला खिडकी द्यावी लागत नाही. आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन. छाती कशी दाबायची याचे व्हिडिओ मी एकामागून एक बघत होते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते, हा आकडा मला सापडला आणि लेखा शाखेतल्या माणसाच्या हाती कागद-पेन्सिल आली. काशीळ किती वाजता, अतीत किती वाजता, दवाखाना किती वाजता. मी ताळमेळ काढत होते. खिडकी दिली हेही त्या हिशेबात धरलं, कारण आतल्या बाजूचा माणूस बाहेर काढायला जास्त वेळ लागतो. दर रात्री हिशेब माझ्याकडे येऊन थांबायचा.

दिवसा मात्र मी दुसरंच करत होते. ऑफिसात कुणी विचारलं तर म्हणायचे, "कंडक्टरने गाडीच थांबवली नाही हो." चक्क खोटं. गाडी थांबवू नका म्हणणारी मी होते. पण एकदा बोलून गेले, समोरच्यांनी "काय माणसं असतात" म्हटलं, आणि मला घटकाभर हलकं वाटलं. मग दुसऱ्यांदा बोलले, तिसऱ्यांदाही.

तेराव्याला मी त्यांच्या गावी गेले. पत्ता त्याच कंडक्टरकडून मिळवला होता, हे लिहितानाही लाज वाटते. मांडव होता, पंगत उठली होती. लेक ओळख नसताना गळ्यात पडली. त्यांच्या पत्नी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सुरू केलं. त्यांना आडवं करायला हवं होतं, मी करू दिलं नाही, पाणी पाजलं, गाडी थांबवू दिली नाही, मला माहीत नव्हतं, मला माफ करा. मी रडत होते, त्या ऐकत होत्या. टक्क्यांचा आकडासुद्धा मी सांगितला. त्या माऊलीला तेराव्या दिवशी मी टक्के सांगितले.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "म्हंजी वाचलं असतं व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेक उठली, मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली आणि हळू म्हणाली, "ताई, आता तुम्ही जावा."

जाताना माझ्या मनात होतं की मी कबुली द्यायला चाललेय. केलं काय? तर माझ्या झोपेत रुतलेला प्रश्न उपटून त्यांच्या झोपेत लावून आले. त्या बाईंच्या मनात तोवर देवाने नेलं एवढंच होतं. त्या गाडीत मी जे केलं ते अजाणता केलं. हे मात्र स्वतःची सुटका हवी म्हणून केलं, आणि माझ्या सगळ्या चुकांत हीच मला सर्वांत मोठी वाटते.

तिसऱ्या महिन्यात वजन सहा किलोने उतरलं, तेव्हा माझ्या एका नर्स मैत्रिणीने मला धरून बसवलं. तिने आधी तो हिशेब ऐकून घेतला. मग म्हणाली, "तू कमी होणारे टक्के मोजलेस. मुळात किती असतात ते बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी जिवंत घरी परतणारे अमेरिकेसारख्या देशातही दहात एक जेमतेम. चालत्या एसटीत, महामार्गावर, पावसात तर बोलायलाच नको. पुढे मी छाती दाबण्याचं प्रशिक्षण घेतलं. बाहुलीवर दोन मिनिटं दाबलं तर हात थरथरायला लागले. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, तो याचसाठी. म्हणजे मी चुकले ते चुकलेच, पण मी एकटीने त्यांना मारलं, हे जे रात्रीच्या ताळमेळात निघत होतं ते खरं नव्हतं. तेराव्याला जाण्याआधी हे विचारून घेतलं असतं तर!

तिनेच १४४१६ हा नंबर दिला. टेली-मानस. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. दोन दिवस मी नंबर लावायचे आणि फोन ठेवून द्यायचे. तिसऱ्या दिवशी बोलले. पलीकडच्या बाईंनी सांगितलं की समोर मरण पाहणाऱ्याच्या मनालाही इजा होते, वैद्यकशास्त्र ती इजा मानतं, त्यासाठी नातं लागत नाही. पहिले काही आठवडे झोप उडणं, तोच आवाज कानात येणं हे बहुतेकांना होतं आणि ओसरतं. महिना उलटूनही ओसरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. माझा तिसरा महिना चालू होता. त्यांनी मला एक काम दिलं. मिनिटं सोडून द्या, म्हणाल्या, त्या माणसाबद्दल सांगा. मी तोंड उघडलं आणि आधी अळूच आठवला. इतक्या दिवसांत मी त्या अळूबद्दल, त्या हसण्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. पुढे डॉक्टरांकडेही गेले, औषध घेतलं. वेळ लागला.

कंडक्टरला गाठलं ते दिवाळीनंतर. माझं बोलणं फिरत फिरत त्याच्या कानावर गेलेलंच होतं. स्टँडवर चहाच्या गाड्याशी मी त्याला म्हणाले, "भाऊ, मी तुमच्याबद्दल खोटं बोलले." तो चहाच्या पेल्याकडे बघत राहिला. "ताई, मी त्या सीटचं तिकीट फाडताना अजून वर बघत न्हाई," म्हणाला. त्याला काय होत असेल हा विचार मला तोवर शिवलाही नव्हता. ऑफिसात ज्यांना ज्यांना खोटं सांगितलं होतं त्यांना परत जाऊन खरं सांगितलं. दोघींनी ऐकून घेतलं. एकीने तेव्हापासून माझ्याशी बोलणं कमी केलं. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा लेकीला आधी फोन केला. या वेळी परवानगी विचारली. ती जरा थांबली आणि म्हणाली, "या. पण आईला पुन्हा ते काही सांगू नका."

मी म्हणाले, "त्यांनी विचारलं तरच बोलेन."

त्या परसात बसल्या होत्या, निवडायला घेतलेलं सूप मांडीवर. मागे मोरीच्या पाण्यावर अळू माजलेला. मी खाली बसले. त्यांनी विचारलंच. मी सांगितलं, "मावशी, तेव्हा मी अर्धवट बोलून गेले. डॉक्टरांना विचारलं मी नंतर. वाचणं फार अवघड होतं." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही. मग मी अर्ध्या तिकिटाचं सांगितलं, दोघं मिळून एक माणूस म्हणाले ते. सुपातला हात थांबला. "आसंच बोलायचे," त्या म्हणाल्या. अळूचं सांगितलं. लेक दारात उभी राहून ऐकत होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "खिडकीला कोण बसलं हुतं? तुमी का त्ये?"

"ते," मी म्हणाले. "मागून घेतली त्यांनी."

"मंग बगत गेलं आसतील," त्या म्हणाल्या आणि सूप पाखडायला लागल्या.