एक प्लेट, दोन चमचे!

शुक्रवारी संध्याकाळी ट्रेन पकडायची, सोमवारी सकाळी परत लॉगइन. मधल्या वेळात काय? फक्त खायचं! इंदूरच्या खाऊगल्ल्यांमधला एक वीकेण्ड... आणि पार्टनर कोण, तर डायबेटिसवाले बाबा!

'इंदूरला जाऊन येऊ या का गं?'

दिवाळीनंतर एका रात्री बाबांनी हे विचारलं, तेव्हा मी एका डेडलाइनच्या मागे धावत होते. बाबा इंदूरचे. जन्म, शाळा, कॉलेज सगळं तिथलं. बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी मुंबईला आले आणि इथलेच झाले. पुढे आजी-आजोबांनीही तिथलं भाड्याचं घर सोडलं. मग इंदूर आमच्या घरात उरलं ते डब्यातल्या शेवेपुरतं आणि दर रविवारच्या 'आमच्याकडे पोहे असे नसतात' या कमेंटपुरतं. आईने ही कमेंट तीस वर्षं सहन केली आहे, तिला सलाम!

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगू? डोळ्यांपुढे बाबा नव्हतेच, सराफा होता! त्याच रात्री एक्सेल शीट तयार. अठ्ठावीस पदार्थ, चौदा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ. आईने त्यात एकच अट घातली, 'त्यांची शुगर सांभाळ. गोड एक घास, तळलेलं एक घास. कळलं?'

अठ्ठावीस पदार्थ आणि एकेक घास. घ्या! झाला वीकेण्ड!

भिया राम!

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्स्प्रेसने निघालो. रात्रभराचा प्रवास, सकाळी इंदूर. स्टेशनबाहेर पडल्या पडल्या बाबा रिक्षावाल्याला म्हणाले, 'भिया राम!' मी बघतच राहिले. ही इंदुरी 'हाय-हॅलो'. भैयाचा इथे 'भिया' होतो. मुंबईत लिफ्टमध्ये शेजाऱ्याशी दोन शब्द न बोलणारे माझे बाबा, पाच मिनिटांत त्या रिक्षावाल्याचे दोस्त झाले होते.

हॉटेलात बॅगा टाकल्या आणि थेट पोहे. इंदुरात सकाळ म्हणजे पोहे-जिलेबी. आपण पोहे कढईत परततो. इथे पोह्यांचं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेलं असतं, त्यामुळे ते वाफेवर तासन् तास मऊ आणि गरम राहतात. फोडणीत बडीशेप. वरून कच्चा कांदा, शेव, लिंबू आणि जीरावन. हा जीरावन म्हणजे इंदूरचा जादूचा मसाला. आंबट, तिखट, किंचित खारट. पोह्यांपासून गराडूपर्यंत सगळ्यावर भुरभुरतात. पोह्यांवर झणझणीत उसळ घालून 'उसळ पोहा'ही मिळतो. मिसळीच्या माणसाला तो लगेच आपला वाटतो.

आणि वाटणारच ना! 1818 मध्ये होळकरांनी राजधानी इंदूरला आणली. त्यांच्या संस्थानात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या राहिली. लता मंगेशकरांचा जन्मही इथलाच, 1929 चा. पोहे मराठी माणसांनीच इथे आणले असं इंदुरी मंडळी मोठ्या मनाने सांगतात आणि पुढच्याच वाक्याला म्हणतात, 'पण बनवायला आम्ही शिकवलं!'

बाबांना मात्र साधे पोहे नको होते. त्यांना 'ते' पोहे हवे होते. राजवाड्यामागच्या एका गल्लीतल्या दुकानातले, कॉलेजच्या दिवसांतले. होळकरांचा सात मजली राजवाडा डावीकडे टाकून आम्ही चालत राहिलो. दोन गल्ल्या चुकलो. तिसरी सापडली. दुकानाच्या जागी मोबाइल कव्हर्सचं शॉप होतं. रंगीबेरंगी, चकाचक.

बाबा काही बोलले नाहीत. दुकानात शिरले आणि माझ्यासाठी एक कव्हर घेऊन आले. म्हणाले, 'इथून रिकाम्या हाताने कधी गेलो नाही.'

आम्ही पुढच्या वळणावरच्या गाडीवर पोहे खाल्ले. एक प्लेट, दोन चमचे. जिलेबीचा एक तुकडा त्यांना, बाकी मला. शीटमधला पहिला आयटम खोडला, पण मनातून मलाच कसंतरी झालं होतं.

छप्पनचं गणित

दुपारी छप्पन दुकान. न्यू पलासियातली ही एका रांगेतली छप्पन दुकानं, म्हणून नावही तेच! 2020 मध्ये हा रस्ता नव्याने बांधला. आता गाड्यांना बंदी, बसायला बाकं, मोकळं चालायला जागा. यंग क्राऊड इथेच सापडेल. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिला नंबर काढणाऱ्या शहराचा थाट इथे दिसतो.

इथे दोन गोष्टी मस्ट. पहिली, विजय चाट हाउसची खोपरा पॅटिस. बाहेरून बटाट्याचं आवरण, आत ओल्या खोबऱ्याचं सारण. दुसरी, जॉनी हॉट डॉग. नाव ऐकून सॉसेज शोधू नका, मिळणार नाही. गोल पाव तव्यावर खमंग भाजून आत पॅटिस किंवा ऑम्लेट घालतात. ऑम्लेटवाल्याला म्हणतात 'बेंजो'. बस्स, इतकंच! आणि तरीही समोरची गर्दी हटत नाही.

बाबा प्रत्येकाचा एक घास खात होते आणि मी अपराधी चेहऱ्याने बाकीचं संपवत होते. बिचारे! आपल्याच शहरात येऊन असं मोजून खायचं? मी तर ठरवूनच टाकलं, रात्री सराफ्यात आईला न सांगता थोडी ढील द्यायची.

सोन्याच्या पायरीवर

सराफा बाजार दिवसा सोन्या-चांदीचा. रात्री आठ-नऊनंतर पेढ्यांची शटर्स खाली येतात आणि त्याच पायऱ्यांपुढे शेगड्या पेटतात. जिथे दुपारी तोळ्याचा भाव चालतो, तिथे मध्यरात्रीपर्यंत मालपुवा तळला जातो. हे नातं अगदी बिनकुरबुरीचं आहे असं मात्र नाही. गर्दी, गॅस सिलिंडर, आगीची भीती यावरून 2025 मध्ये सराफांनी आवाज उठवला होता. इथे पारंपरिक पदार्थच राहू द्या, असाही सूर होता. मोमोज आणि चायनीजच्या गाड्या पाहिल्या की तो पटतो. अहो, मोमोज आपल्या ऑफिसखाली मिळतात की!

त्यामुळे ठरवून फक्त इथलंच खाल्लं. भुट्टे का कीस, म्हणजे किसलेला मका दुधात शिजवून वर मोहरी-मिरचीची फोडणी. गराडू, हे फक्त थंडीतलं प्रकरण. कंदाचे तुकडे खरपूस तळून वर लिंबू आणि जीरावन. साबुदाणा खिचडीही इथे आहे, पण उपासाची गरीब खिचडी नव्हे. वरून फराळी चिवडा, मसाला, लिंबू आणि खातानाच दुसरी प्लेट डोळ्यांपुढे!

मग जोशींचा दहीवडा. हा खाण्याआधी बघायचा असतो. दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच भिरकावतात, खाली येताना अलगद झेलतात. दही सांडत नाही. मग चिमटीत एकदम घेतलेले मसाले एकेक करून वेगळे सोडतात. कसं जमतं? तीनदा बघूनही कळलं नाही.

तो द्रोण घेऊन आम्ही एका बंद पेढीच्या पायरीवर टेकलो. मी म्हटलं, 'बाबा, आज अख्खा खा. आईला नाही सांगणार.'

बाबा हसले. 'अगं, मला अख्खा खायची सवयच नाही. आम्ही तिघं यायचो इथे. खिशात पैसे एका प्लेटचे. कायम एक प्लेट, तीन चमचे.'

मग चमच्याने दही ढवळत म्हणाले, 'त्यातला एक दिवाळीत गेला. झोपेत.'

त्या रात्रीचा प्रश्न आत्ता मला कळला. मी एक्सेल शीट बनवत होते, तेव्हा बाबांच्या डोक्यात हे होतं. आणि दिवसभर मी त्यांची कीव करत होते! ते तर नेहमीसारखंच खात होते. उलट माझंच बघा ना. मुंबईत आम्ही एकाच घरात राहतो, पण माझं पार्सल माझ्या वेळेला, लॅपटॉपसमोर. त्यांचं जेवण आठला. शेवटचं एका ताटातून कधी खाल्लं होतं? आठवेना.

'आणि तिसरे काका?'

'तो टोरांटोला. तिकडे आत्ता दुपार असेल.'

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे एक टक्कल दिसलं. बाबांनी काही न बोलता कॅमेरा दहीवड्यावर धरला. दोन सेकंद शांतता. मग तिकडून आरोळी, 'अबे, भिया राम! जीरावन जास्त टाकायला सांग!'

दोघं वीस मिनिटं बोलले. बराच वेळ नुसतेच स्क्रीनकडे बघत होते. गेलेल्या मित्राचं नाव एकदाच आलं. मी उठून शिकंजी घ्यायला गेले. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूसरबत नव्हे बरं का. आटवलेलं दाट दूध, केशर, सुकामेवा. पिण्यापेक्षा चमच्याने खायची गोष्ट. नागोरींकडची प्रसिद्ध आहे. मी एकच ग्लास आणला.

शीटमधले अकरा पदार्थ राहिले. पाव किलोच्या आसपासचा तो अवाढव्य 'जलेबा' तर लांबूनच पाहिला. हरकत नाही. काकांनी पुढच्या जानेवारीत यायचं कबूल केलंय. जलेबा तिघांत वाटून घेऊ.

जाताय? मग हे वाचा

कधी : थंडीत. गराडू तेव्हाच मिळतो आणि रात्री चालायलाही मजा येते.

कसं : मुंबईहून रात्रीची ट्रेन बेस्ट. परतीची रविवारी घेतली तर सुट्टीचा अर्जही लागत नाही.

सराफा : दुपारी हलकं खा, रात्री नवानंतर जा. शनिवारी तुफान गर्दी असते. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर जरा लवकर जा.

काय आणाल : जीरावनची पाकिटं आणि शेव. रविवारच्या पोह्यांवर घाला. आमच्याकडे ती कमेंट आता बंद झाली आहे!

सर्वात महत्त्वाचं : प्रत्येक ठिकाणी एकच प्लेट घ्या. चमचे मात्र माणशी एक मागा.