पाठ केलेला रस्ता

६ मे १९२८ रोजी सिसिलीत झालेल्या तार्गा फ्लोरिओ या मोटार-शर्यतीचा निकाल कोरडेपणाने वाचला, तर एलिश्का युंकोवा हे नाव पाचव्या क्रमांकावर सापडते. पहिला आला तो फ्रेंच चालक आल्बेर दिव्हो. पाचव्याची नोंद राहते, आठवण राहत नाही, असा क्रीडेतिहासाचा साधारण रिवाज आहे. त्या शर्यतीपुरता तो मोडला.

एक फेरी १०८ किलोमीटरांची, अशा पाच फेऱ्या. मादोनिए डोंगरातले खडबडीत, दगडगोट्यांचे रस्ते आणि एकामागून एक वळणे. विजेत्यालाही सात तासांहून अधिक वेळ लागला. अशा शर्यतीत दुसऱ्या फेरीत सर्वांच्या पुढे होती ती युंकोवा यांची बुगाटी. शेवटी इंजिन तापू लागले, टायरही फुटला आणि त्या मागे पडल्या. तरीही फाजिओली आणि ड्रेफस हे पुढे नावारूपाला आलेले चालक त्यांच्या मागेच होते.

आम्हाला या साऱ्यात गुंतवून ठेवले ते निकालाने नव्हे, तयारीने. युंकोवा अंगाने लहानखुऱ्या होत्या. त्या काळच्या गाडीचे सुकाणू वळवायला दंडात बळ लागे, आणि त्या बाबतीत पुरुष चालकांशी आपली बरोबरी होणार नाही हे त्या ओळखून होत्या. म्हणून शर्यतीच्या आधी त्यांनी तो मार्ग पायी तुडवला, खुणा हेरल्या, कुठल्या खुणेनंतर कसले वळण येते हे मनात बसवले. रस्ता पाठ केला, असेच म्हणावे लागेल. आपल्या वर्गांतून पाठांतराला आज फारशी प्रतिष्ठा नाही. पाठांतर म्हणजे न समजता घोकणे, असे आम्ही शिक्षकच सांगत आलो आहोत. पण ज्याला संहिता मुखोद्गत आहे त्यालाच पुढची ओळ येण्याआधी तिचा अंदाज घेता येतो, हे कीर्तनकाराला ठाऊक असते आणि नटालाही. युंकोवा यांचा वेग असा स्मरणातून आलेला होता.

त्यांच्या नावाविषयी थोडे. पतीचे आडनाव युनेक. चेक भाषेत स्त्रीच्या आडनावाला ‘ओवा’ लागतो आणि तो लागताना मधला ‘ए’ गळतो. आपल्या ‘बेडूक’चे ‘बेडकी’ होताना ‘ऊ’ जातो, तसे. इंग्रजी लेखनात मात्र त्या बहुधा ‘एलिझाबेथ युनेक’ होतात, म्हणजे व्याकरणातले त्यांचे स्त्रीत्व पुसले जाते. आणि मग त्याच लेखनात ‘स्त्री असूनही’ हा शब्दप्रयोग हटकून येतो! विद्यार्थ्यांच्या चरित्रपर निबंधांतून हा ‘असूनही’ आम्ही गेली कित्येक वर्षे तांबड्या शाईने खोडत आहोत.

जन्म १९०० चा, मोरावियातल्या ओलोमोउत्सचा. वयाच्या सोळाव्या वर्षी बँकेत नोकरी. तिथेच तरुण बँकर चेन्येक युनेक भेटले, १९२२ मध्ये लग्न झाले. चेन्येक यांना मोटारींचे वेड होते. पण महायुद्धात हाताला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना गिअर बदलणे जड जाई, आणि चाक पत्नीच्या हाती आले. बुगाटी ही काही गरिबाघरची गाडी नव्हे. युनेक दांपत्याजवळ पैसा होता म्हणून ही कारकीर्द घडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण श्रीमंत हौशी चालक युरोपात तेव्हा पुष्कळ होते. डोंगर-चढणीच्या शर्यती गाजवून १९२७ मध्ये न्युर्बुर्गरिंगवरच्या जर्मन ग्रां प्रीत आपला गट जिंकणे केवळ पैशाने जमत नाही.

त्याच न्युर्बुर्गरिंगवर, १५ जुलै १९२८ रोजी, पती-पत्नी एकच गाडी आळीपाळीने चालवत होते. चेन्येक यांनी चाक हाती घेतले आणि थोड्याच वेळात अपघातात ते गेले. युंकोवा यांनी गाड्या विकल्या. त्या पुन्हा कधी शर्यतीत उतरल्या नाहीत. वय अवघे सत्तावीस.

चरित्रे बहुधा इथे हळहळून थांबतात. आम्हाला ते पटत नाही. त्यानंतर त्या पासष्ट वर्षे जगल्या. एत्तोरे बुगाटींनी दिलेली नवी गाडी घेऊन सिलोनपर्यंत गेल्या, आशियात त्यांच्या कारखान्यासाठी गिऱ्हाइके शोधण्याच्या कामावर. पुढे मायदेशी टायरच्या प्रचाराचे काम केले. साम्यवादी राजवटीला हे बुगाटी-प्रकरण श्रीमंती थाटाचे वाटे. तरी उतारवयात त्या अमेरिकेत बुगाटीप्रेमींच्या मेळाव्याला पोचल्या. ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेली ही स्त्री जानेवारी १९९४ मध्ये चेक प्रजासत्ताकात वारली. अधल्यामधल्या राजवटी वाचकांनीच मोजाव्यात.

त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाच्या चेक शीर्षकाचा अर्थ ‘माझी आठवण म्हणजे बुगाटी’ असा होतो. ‘आठवण’ हा शब्द तिथेही एकवचनीच आहे. ज्या बाईने १०८ किलोमीटरांतल्या खुणा मनात साठवल्या, तिने उतारवयात शीर्षकासाठी अनेकवचन घेतले नाही. आणि आठवण म्हणून नाव घातले ते गाडीचे.