काजव्यांच्या गावी, यतनेने

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरी पडू लागल्या, की अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका रात्री वेगळाच भासतो. भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडी या परिसरातील हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा वृक्षांवर असंख्य काजवे लुकलुकू लागतात. मृगाचा पाऊस स्थिरावला, की हे वैभव ओसरते. त्या मोजक्या आठवड्यांत मुंबई, पुणे, नाशिक येथून पर्यटकांची रीघ लागते.

हा डोंगराळ प्रदेश प्रामुख्याने महादेव कोळी समाजाचा आहे. हिरड्याचे झाड त्यांच्या दृष्टीने केवळ शोभेचे नव्हे. बाळहिरडा वेचावा, वाळवावा आणि विकावा, हा त्यांचा पिढीजात उद्योग. झाड राखून फळ घ्यायचे, म्हणजे मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर संसार चालवायचा, हे शहाणपण आपल्या व्यापारी घराण्यांना नवीन नाही.

पर्यटनाविषयी गावकऱ्यांचे मतही याच हिशेबाचे आहे. पाहुणा त्यांना नको आहे, असे नाही. पावसाच्या भातावर वर्ष निघत नाही. तरुणांना मजुरीसाठी गाव सोडावे लागते. पाहुणा घरी उतरला, नाचणीची भाकरी जेवला, गावातलाच वाटाड्या घेऊन हिंडला, तर पैसा गावात राहतो. पुरुषवाडीत हाच मार्ग निवडला गेला. तेथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात आणि कामाची वाटणी गाव आपसांत ठरवते. सल आहे तो निराळाच. बाहेरचा माणूस तंबू ठोकतो, नफा शहरात नेतो आणि बाटल्या, प्लास्टिक व गोंगाट तेवढा मागे ठेवतो. किती माणसे यावीत आणि कोठवर यावीत, हे ज्यांचे रान आहे त्यांना विचारले जावे, एवढीच अपेक्षा आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेचा अधिकार 1996 च्या पेसा कायद्याने मान्य केला आहे. तो कागदावर राहू नये.

काजव्याचे लुकलुकणे म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. गाडीच्या दिव्यांत आणि विजेरीच्या झोतात ती साद हरवते. त्याची अंडी ओलसर मातीत असतात आणि अळ्याही तेथेच गोगलगायींवर वाढतात. म्हणून पायवाट सोडून झाडाखाली शिरणारा पर्यटक पुढच्या वर्षीचे काजवे तुडवीत असतो.

माशी, भुंगा, पतंग यांच्याप्रमाणे काजवाही चतुरिंद्रिय जीव. मुनिजनांची ईर्यासमिती, म्हणजे पुढची भूमी न्याहाळून जपून पाऊल टाकणे, श्रावकाने निदान या रानात तरी आठवावी. वाहन गावाबाहेर ठेवावे, विजेरी विझवावी, मुलांना काजवे बाटलीत भरू देऊ नयेत. सूर्यास्तापूर्वीचे, कंदमुळे वर्ज्य असलेले जेवण हवे असल्यास यजमान माउलीला आदल्या दिवशीच कळवावे. ऐन वेळी चूल पेटवायला लावून तिची धांदल करू नये. आणि ठरलेल्या मोबदल्यात घासाघीस नको.

गर्दीचे चार शनिवार-रविवार सोडून, गावाने आखलेल्या मर्यादेत राहून जो जातो, त्याला काजवे अधिक दिसतात आणि गावही. व्यापारात ज्याचे मुद्दल, त्याचा शब्द शेवटचा मानतो. रानाच्या बाबतीतही तोच न्याय पाळावा.