असोद्याचा 'ळ'

मराठी मुळाक्षरांचा तक्ता काढून पाहा. 'ह' संपला की 'क्ष' आणि 'ज्ञ' या दोन थोर मंडळींच्या अलीकडे एक अक्षर अंग चोरून उभे असते. त्याने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. त्यामुळे तक्त्यावर त्याच्या शेजारी चित्र कशाचे काढावे, ही चित्रकाराची पंचाईतच. बहुधा बाळ नाही तर कमळ काढून वेळ निभावून नेतात. आपल्या पुण्या-मुंबईच्या घरांत मुलांना हे अक्षर केव्हा आले ते आईबापांना सांगता यायचे नाही. असोद्याच्या पहिलीच्या वर्गाला मात्र ते अख्खा आठवडा पुरले.

असोदा हे जळगावपासून फार तर दोन कोसांवरचे गाव. शहर आता इतके फुगले आहे की, कुठे ते संपले आणि कुठे शिवार लागले हे पटकन कळत नाही. पण एकदा लागले की मग डोळे निवतात. काळी कसदार जमीन, कमरेएवढी कपाशी, मधूनच केळीची हिरवीगार भिंत. थंडी पडू लागली की इथल्या वांग्यांना भाव येतो. ती हिरवी-पांढरी, थोराड वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजून, ठेचून केलेले भरीत आणि सोबत कळण्याची भाकरी ज्याने खाल्ली नाही, त्याने खानदेश पाहिला असे म्हणू नये. मी गेलो तेव्हा दसरा आठ दिवसांवर होता. भरिताला अजून अवकाश होता, म्हणून शाळेकडे वळलो.

शाळा नेहमीचीच: रंगवलेल्या भिंती, पटांगणात एक कडुनिंब, व्हरांड्यात चपलांचा ढीग. पहिलीच्या बाई तिशीच्या आतबाहेरच्या, रावेरकडच्या. "या आठवड्यात काय शिकवताय?" असे विचारल्यावर त्या हसून म्हणाल्या, "'ळ', सर. आमच्याकडे तो जरा जड जातो."

जड का जातो हे पाच मिनिटांत कळले. बाईंनी फळा दाखवून विचारले, "हे काय आहे?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "फया!" आणि आपण आता बसलोय कुठे? "शायेत!"

खानदेशची बोली म्हटली की आपल्याला अहिराणी तेवढी आठवते. पण जळगावच्या पूर्वेला, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात लेवा गणबोली चालते, आणि तिच्यात 'ळ' नाही. त्याच्या जागी 'य' येतो. केळी ती केयी, डोळा तो डोया, मळा तो मया. खुद्द जळगाव हे जयगाव. वऱ्हाडातही पुष्कळ ठिकाणी असेच बोलतात. कोकणपट्टीवर आगरी-कोळ्यांच्या तोंडी याच 'ळ'चा 'ल' होतो. हिंदीला तर हे अक्षर ठाऊकच नाही. ती जळगावला 'जलगाँव' आणि टिळकांना 'तिलक' म्हणते, आणि त्याबद्दल तिला कोणी हसत नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ळ' आहे, पण पुढे कालिदासाच्या संस्कृतातून तो निघून गेला. तेव्हा 'ळ' हरवणे हा काही असोद्याचाच अपराध नव्हे. कालिदासाला कोणी अशुद्ध म्हटल्याचे ऐकिवात नाही!

बाईंची शिकवण्याची तऱ्हा मला आवडली. प्रत्येकाच्या हाती एक छोटा आरसा दिला होता. आधी 'ल' म्हणा. जीभ कुठे लागली? दातांच्या मागे. आता तिचे टोक वर वळवा, टाळूकडे मागे न्या आणि सोडा. पस्तीसएक जिभा आरशापुढे वळू लागल्या. कोणाचा 'ड' निघाला, कोणाचा 'र'. एकाची लाळच गळली, आणि "बाई, याची लाय गयली!" असे शेजाऱ्याने जाहीर केल्यावर वर्ग दहा मिनिटे आवरेना. फळ्यावर मधोमध रेघ मारलेली होती. एका बाजूला 'घरचा शब्द', दुसऱ्या बाजूला 'पुस्तकातला शब्द'. घरच्या बाजूला 'चूक' असे त्यांनी लिहिले नव्हते, हे मी मुद्दाम टिपून ठेवले.

बुधवारपर्यंत 'ळ' आला, आणि आला तो पुरासारखा. नवे खेळणे मिळालेले पोर ते झोपतानाही सोडत नाही, तसे या पोरांचे झाले. जिथे म्हणून 'य' दिसेल तिथे त्यांनी 'ळ' बसवायला सुरुवात केली. भिंतीकडेला बसणारा एक गोरटेला मुलगा उभा राहिला आणि मोठ्या झोकात म्हणाला, "बाई, माझी माळ वावरात गेली."

माळ म्हणजे माय! त्याची आई कपाशीच्या शेतात गेली होती.

मला हसू आले, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलावले आणि हळूच सांगितले, "माय तीच राहू दे. तिला 'ळ' लागत नाही." मग 'माय', 'गाय', 'पाय' हे तीन शब्द दोन्ही बाजूंना सारखेच लिहिले. त्या मुलाला हे काही पटलेले दिसले नाही. घरचे सगळेच पुस्तकात बदलते, तर मायच का बदलू नये, असा त्याचा रास्त सवाल असावा.

मधल्या सुट्टीत बाई बोलत्या झाल्या. डी.एड.ला त्या पुण्यात होत्या. वसतिगृहातल्या मुली संध्याकाळी जमल्या की त्यांना म्हणायच्या, "एकदा जळगाव म्हण ना गं!" त्यात दुष्टपणा नव्हता, नुसती गंमत. पण ज्याची गंमत होते त्याला ती पुरते. बाईंनी काय करावे? 'ळ' असलेले शब्दच टाकून दिले. सकाळला 'मॉर्निंग', काळ्याला 'ब्लॅक', घड्याळाला 'वॉच', शाळेला 'स्कूल'. "सहा महिने मी असं बोलले, सर. आणि मैत्रिणींना वाटायचं, ही खेड्यातली मुलगी किती मॉडर्न!" मराठीत इंग्रजी शब्द का घुसतात यावर आपले विद्वान जाडजाड लेख लिहितात. हे कारण त्यांच्या ध्यानात आलेले मला कुठे दिसले नाही.

आणि हे नुसते पुण्यातच होते असे नाही. त्या वर्गात खिडकीशी बसणारी एक मुलगी सोमवारी सर्वांत आधी हात वर करीत होती. मंगळवारी तिच्या 'शाये'ला चौथीतली दोन मुले दारातून हसली. ती मुले याच गावची, दोन-तीन वर्षांपूर्वी तीही 'शाया'च म्हणत असणार! बुधवारी आणि गुरुवारी ती मुलगी बोललीच नाही. विचारले की मान हलवायची. तिला शाळेत पोचवायला येणाऱ्या आजीशी मी सहज गोष्टी काढल्या, तर ती म्हातारी पदर सारखा करीत म्हणाली, "आमचं बोलनं अशुद्ध, भाऊ. तुमी पुस्तकातलं बोलता."

हे ती असोद्यात म्हणत होती, आणि मला ते फार लागले. कारण १८८० साली याच गावी, महाजनांच्या घरात, बहिणाबाईचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावच्या चौधऱ्यांकडे गेली. तिशीत वैधव्य आले, पदरी तीन मुले. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. जात्यावर, शेतात, माहेरच्या वाटेवर तिला ओव्या सुचायच्या. मुलगा सोपानदेव, जो पुढे स्वतःच कवी म्हणून नावारूपाला आला, तो आणि घरचे कोणी त्या कागदावर उतरून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघाली. १९६१ सालच्या 'मानिनी' चित्रपटातून ती घरोघर पोचली. पाठ्यपुस्तकांतून तर महाराष्ट्राच्या पिढ्या ती पाठ करीत आल्या आहेत. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली तिचे नाव दिले गेले.

यातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट अशी की, ते पुस्तक छापताना कोणी तिची भाषा 'सुधारली' नाही. ती जशी बोलली तसे छापले, 'ळ'च्या जागी 'य' ठेवून. छापून निघाला की कोरा कागदसुद्धा शहाणा होतो, माणूस मात्र वेडाच राहतो, अशा अर्थाची तिची एक रचना आहे. तिच्याच बोलीत बोलणारी म्हातारी तिच्याच गावात पदर सावरून माफी मागते, तेव्हा त्या वेड्या माणसांत आपण सगळेच आलो.

म्हणून 'ळ' शिकवूच नये असे मात्र कोणी म्हणू नये. उद्या या मुलांना अर्ज लिहायचे आहेत, परीक्षा द्यायच्या आहेत. तिथे 'बाळ' आणि 'बाय' यांतला फरक त्यांच्या बाजूने कोणी समजून घेणार नाही. बाई हे पुरते जाणतात. त्यांचा 'ळ' आज इतका स्वच्छ आहे की कोणा पुणेकरानेही ऐकत राहावा. घरी आईशी फोनवर बोलताना मात्र त्या 'जयगाव'च म्हणतात. तेही मी ऐकले.

शनिवारी सकाळची शाळा. पहिली आणि चौथी एकत्र बसवली होती. बाईंनी फळ्यावर बहिणाबाईचे ते मनावरचे गाणे लिहिले, ज्यात मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुराची उपमा आहे. चौथीची मुले तोंडपाठ म्हणू लागली. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला,

"बाई, चुकलं!"

तीच मुलगी. पुढे येऊन तिने 'वढाय' या शब्दावर बोट ठेवले. "इथं 'ळ' पाहिजे."

चौथीतली ती दोन मुले आता हसली नाहीत. त्यांनाही हे कधी सुचले नव्हते. बाईंनी विचारले, "मग बहिणाबाईचं चुकलं का?"

मुलीने विचार केला. "तिले कोनी शिकवलं नसन."

"बरं. तुमच्याकडे वढाय कोण आहे?"

"बकरी!"

"ती कपाशीत शिरली की आजी काय ओरडते?"

मुलीने जे ओरडून दाखवले ते इथे छापता येणार नाही, पण त्यात 'वढाय' होता आणि तो खणखणीत होता. सगळा वर्ग हसला, तीही हसली. मग तिने खडू घेतला आणि 'वढाय'च्या खाली, तो न पुसता, 'ओढाळ' असे लिहिले. 'ळ'चे वळण जरा उलटे आले होते. ते बाईंनी हात धरून गिरवून घेतले.

गाणे पुन्हा सुरू झाले, 'य'सकट. खिचडीची घंटा झाली तेव्हा फळ्यावर दोन्ही शब्द तसेच होते, आणि भिंतीकडेचा तो गोरटेला मुलगा ताटली वाजवीत शेजाऱ्याला सांगत होता की, त्यांची गाळ काल व्याली.